आठवण कुणी करून द्यायची?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझ्या फुफीला, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीला, लिहिता-वाचता येत नव्हतं. एखादी गोष्ट विसरू नये म्हणून ती पदराच्या टोकाला गाठ मारायची. कुणाचे पैसे द्यायचे असले की एक गाठ, दवाखान्यात जायचं असलं की दुसरी. आपल्या मराठीत ‘खूणगाठ बांधणे’ हा वाक्प्रचार आहे. तो मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी फुफीच्या पदराला पाहिला होता.

१९८३ साली फुफा वारले. ते एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. फुफीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं होतं. कागद झाले, अंगठे झाले, दाखले जोडले गेले. मग सुरू झाले हेलपाटे. मी तेव्हा सातवीत होतो. सोबतीला म्हणून मला ती घेऊन जायची. खिडकीशी उभी राहून विचारायची, “साहेब, माझ्या कागदाचं काय झालं?” आतून ठरलेलं उत्तर यायचं, “मावशी, वर पाठवलंय. स्मरणपत्रही दिलंय. पुढच्या महिन्यात या.” बाहेर आल्यावर ती पदराची जुनी गाठ सोडायची आणि नवी मारायची.

एकदा घरी येऊन तिनं अब्बांना विचारलं, “भाई, हे स्मरणपत्र काय असतं?” अब्बा तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक कारकून होते. त्यांनी समजावून सांगितलं की वरच्या कचेरीला काम विसरायला झालं, तर त्यांना आठवण करून द्यायला जे पत्र लिहितात, ते स्मरणपत्र. फुफी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे विसरायचं त्यांनी, आणि बस भाड्याला पैसे माझे?”

आज बोलायचं आहे ते फुफीच्या या प्रश्नाबद्दल. हल्ली कार्यालयांमधून कामांची यादी संगणकावर असते. प्रत्येक कामासमोर मुदतीची तारीख आपोआप पडते. मुदत जवळ आली की संबंधित माणसाला आपोआप ई-मेल जातो. ही सोय आपण सहज वापरतो. पण तिच्यामागचा इतिहास लांबचा आहे. काम कसं लक्षात ठेवायचं याचा तो इतिहास आहेच, पण आठवण करून देण्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर होतं आणि ते कुठून कुठं सरकलं, याचाही तो इतिहास आहे.

सुरुवात शब्दांपासून करू या. ‘यादी’ हा शब्द फारसी ‘याद’वरून आला. याद म्हणजे आठवण. आपण वाण्याकडे पाठवतो ती यादी म्हणजे मुळात कागदावर उतरवलेली आठवण. पेशवे दफ्तरातल्या कागदांत ‘याद’ नावाचा कागदाचा एक प्रकारच सापडतो. काय करायचं, कुणाला काय द्यायचं, याची ती टिपणं असत. ‘तारीख’ आणि ‘मुदत’ हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले. ‘तगादा’ही त्याच वाटेनं आला. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी हे शब्द मराठीच्या अंगवळणी पडले ते पडलेच. मला यात गंमत वाटते ती अशी, की आजच्या संगणकाच्या यादीत जे रकाने असतात, त्यांची नावं या जुन्या शब्दांतच आहेत. यादी, तारीख, मुदत, आणि शेवटी तगादा. यंत्र नवं आहे, काम जुनंच आहे.

आता मुदत मोजायची कशी, हा प्रश्न. तो दिसतो तितका सोपा नाही. सावकारी आणि व्यापाराच्या जगात तो सगळ्यात आधी आला, कारण तिथं एका दिवसाच्या फरकानं व्याज बदलतं आणि पतही जाते. हुंडीचे दोन प्रकार आपल्या जुन्या पेढ्यांना माहीत होते. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेले दिवस भरल्यावर. इंग्रजी अमलात १८८१ साली पराक्राम्य संलेखांचा कायदा झाला. चेक न वटण्याच्या खटल्यांमुळे आज तो घरोघरी माहीत आहे, पण त्यात मुदत मोजण्याचीही कलमं आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. ज्या दिवशी कागद लिहिला तो दिवस मोजायचा नाही. मुदतीवर सवलतीचे तीन दिवस द्यायचे. महिन्याची मुदत असेल आणि पुढच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. कायद्यात उदाहरण दिलं आहे ते १८७८च्या २९ जानेवारीचं. एक महिन्यानं २९ फेब्रुवारी हवी, पण त्या वर्षी फेब्रुवारी २८ दिवसांचा. म्हणून २८ तारीख धरायची आणि तिथून पुढं तीन दिवस मोजायचे.

आणि मुदतीचा दिवस सुटीचा निघाला तर? इथं दोन कायदे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. १८८१चा कायदा म्हणतो, सार्वजनिक सुटी आली तर हुंडीसारख्या कागदाचे पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्या. १८९७चा सर्वसाधारण खंड अधिनियम म्हणतो, शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम वेळेत केलं असं माना. म्हणजे पैसे द्यायचे असतील तर अलीकडे या, आणि कचेरीत कागद दाखल करायचा असेल तर पलीकडे गेलात तरी चालेल. यंत्राला ‘तीस दिवसांनी’ असं नुसतं सांगून भागत नाही. तिसावा दिवस रविवारी आला तर अलीकडे यायचं की पलीकडे जायचं, हे कुणीतरी माणसानं आधी ठरवावं लागतं. ज्या कार्यालयात ते ठरलेलं नसतं, तिथं यंत्र बरोबर चालतं आणि तारीख चुकते.

मुदत मोजून झाली. पण ती आली हे कळणार कसं? अब्बांच्या कचेरीत त्यासाठी नोंदवही होती. पत्र गेलं की जावक क्रमांक पडायचा. उत्तर अपेक्षित असेल तर पुढच्या रकान्यात तारीख. त्या तारखेला उत्तर आलेलं नसेल तर पहिलं स्मरणपत्र, मग दुसरं, मग तिसरं, आणि तरीही दाद लागली नाही तर साहेबांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र. पण नोंदवही स्वतःहून उघडत नाही. अब्बांनी त्यावर घरगुती उपाय काढला होता. खुर्चीमागच्या लाकडी मांडणीला त्यांनी एक ते एकतीस आकडे चिकटवले होते. ज्या कागदाची आठवण १२ तारखेला हवी, तो बाराव्या खणात. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे त्या दिवसाचा खण रिकामा करायचा. मग चहा.

ही युक्ती आपल्या अब्बांचीच, असं मला कैक वर्षं वाटत होतं. पुढं कळलं की अमेरिकेतल्या कचेऱ्यांमधून अशीच पद्धत जुनी आहे. तिथं महिन्यांचे बारा आणि दिवसांचे एकतीस असे त्रेचाळीस खण किंवा फोल्डर असतात. डेव्हिड ॲलन या लेखकानं २००१ साली कामाच्या शिस्तीवरच्या आपल्या पुस्तकात हीच पद्धत सांगितली आणि ती जगभर पुन्हा गाजली. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८०च्या दशकात कचेरीच्या कामाची घडी नव्यानं बसवली. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव सरकारी नोकरांच्या जुन्या पिढीला अजून आठवतं. आपल्या सरकारी कचेऱ्यांतली सहा गठ्ठा पद्धतही अनेकांना ठाऊक असेल. त्यातला एक गठ्ठा खास ‘प्रतीक्षाधीन’ प्रकरणांचा असतो. आपलं काम झालं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे, असे कागद त्यात. वाट पाहणाऱ्या कागदांना स्वतंत्र जागा मिळाली, ही साधी गोष्ट नव्हती. त्याआधी ते इतर कागदांखाली दबून जात. फुफीचा कागद असाच कुठंतरी दबला असणार.

पण खण काय किंवा गठ्ठा काय, सकाळी तो उघडणारा माणूस हजर असावा लागतो. अब्बा तापानं आठवडाभर घरी राहिले, तर सात खण तसेच भरलेले राहायचे. माणूस नसतानाही खण उघडला जाईल, ही सोय यंत्रानं आणली. ती कधी आणली, हे नेमकं सांगता येतं.

अमेरिकेत न्यू जर्सीत बेल लॅबोरेटरीज नावाची संशोधनसंस्था होती. टेलिफोनच्या धंद्यातून वाढलेली. तिथं १९६९पासून केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली घडवली. तिची सातवी आवृत्ती १९७९ साली बाहेर पडली. तिच्यात ‘कॅलेंडर’ नावाची एक छोटीशी आज्ञा होती. तुम्ही एक साधी यादी लिहून ठेवायची. ओळीत कुठंही तारीख असली की झालं. ही आज्ञा यादी चाळायची आणि ज्या ओळीत आजची किंवा उद्याची तारीख आहे ती ओळ दाखवायची. सुटीचाही विचार त्यात केला होता. शुक्रवारी ‘उद्या’ म्हणजे सोमवारपर्यंत असं ती धरायची. आणि खरी गोष्ट पुढं आहे. ‘क्रॉन’ नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम ठरल्या वेळी ठरलेली कामं करायचा. तो उत्तररात्री, सगळे झोपलेले असताना, ही आज्ञा चालवायचा. ज्या ज्या माणसानं आपली यादी ठेवली असेल, त्या प्रत्येकाची यादी तपासली जायची आणि आठवण संगणकावरच्या टपालानं त्याच्या नावे टाकली जायची. माणूस सकाळी कामावर आला की पत्र हजर.

यादी, तारीख, रात्रीची तपासणी आणि टपाल या चार गोष्टी १९७९ साली एकत्र आल्या. आज आपल्या कार्यालयात जे चालतं त्याचा सांगाडा हाच आहे.

त्या आज्ञेच्या माहितीपत्रकातली एक ओळ वाचून मी एकटाच हसलो होतो. कोणत्या पद्धतीनं लिहिलेली तारीख यंत्राला कळते आणि कोणती कळत नाही, ते तिथं सांगितलं आहे. अमेरिकन रिवाजानं आधी महिना, मग दिवस लिहिला तर कळते. आधी दिवस, मग महिना लिहिला तर कळत नाही. आणि न कळणाऱ्या तारखेचं उदाहरण काय दिलंय? ७/१२. आपल्या शेतकऱ्याचं अख्खं आयुष्य ज्या आकड्याभोवती फिरतं, तो सातबारा त्या यंत्राला वाचताच येत नव्हता! हसणं सोडून द्या, पण त्यात शिकण्यासारखं आहे. यंत्र ज्या गावात घडतं, त्या गावच्या सवयी घेऊन येतं. तारीख कशी लिहायची हे आजही कार्यालयात सगळ्यांनी मिळून एकदा ठरवलं नाही, तर ५ एप्रिलची मुदत ४ मेवर जाऊन बसते.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. दोन वेगळ्या संगणकांमधला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ सालीच करून दाखवला होता. १९९८ साली तारखा, कामं आणि त्यांच्या आठवणी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाव्यात म्हणून ‘आयकॅलेंडर’ नावाचा सामायिक नमुना ठरला. त्यात कामाची मुदत लिहायला जागा होती आणि मुदतीआधी ई-मेल पाठवायचा, हे लिहायलाही जागा होती. मग कार्यालयांच्या सामायिक याद्या आल्या. मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट २००१ साली आलं. एकच यादी सगळ्यांना दिसू लागली. २०१६ साली त्याच कंपनीनं ‘फ्लो’ नावाची सोय आणली. २०१९ साली तिचं नाव ‘पॉवर ऑटोमेट’ झालं. तारीख आली की यादीतल्या माणसाला पत्र, हे आता प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यालाही जुळवता येऊ लागलं.

तारीख आपोआप पडते ती कशी? यंत्राच्या पोटात तारीख हा एक आकडाच असतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १. तिथून पुढं रोज एक वाढत जातो. अर्ज आल्याच्या दिवसाच्या आकड्यात तीस मिळवले की मुदत तयार. यातही एक जुनी चूक दडली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रॅमनं ते लीप वर्ष धरलं होतं आणि जुने हिशेब बिघडू नयेत म्हणून एक्सेलनं ती चूक तशीच ठेवली. म्हणून एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवस आजही आहे. दफ्तरातल्या चुकाही दफ्तराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हे कोणताही जुना कारकून सांगेल.

आमच्या कार्यालयातही काही वर्षांपूर्वी अशी यादी सुरू झाली. मी बी.ए. झालेला माणूस, त्यात कविता लिहिणारा. यंत्राशी माझं फारसं जमत नाही. पण अब्बांच्या खणांची आठवण होती, म्हणून मी उत्साहानं पुढं झालो. संगणक सांभाळणाऱ्या मुलीनं दोन दिवसांत सगळं जुळवून दिलं. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात लोक वैतागले. काम करून टाकलं होतं, पण यादीत ‘पूर्ण’ असं कुणी लिहिलंच नव्हतं. यंत्र बिचारं रोज तगादा लावत होतं. मग लोकांनी ती पत्रं न उघडताच पुसायला सुरुवात केली. त्यातच दोन खऱ्या आठवणी पुसल्या गेल्या. तिसऱ्या महिन्यात एका साहेबांची बदली झाली. यंत्र त्यांच्या जुन्या पत्त्यावर इमानेइतबारे पत्रं पाठवत राहिलं. ती पत्रं वाचणारं तिथं कुणी नव्हतं.

आम्ही सगळे बसलो आणि साधे नियम केले. दर कामाला वेगळं पत्र नको. सकाळी एकच पत्र, त्यात त्या दिवसाची सगळी कामं, अब्बांच्या एका खणासारखी. पत्र माणसाच्या नावानं नको, त्याच्या पदाच्या पत्त्यावर जावं, म्हणजे बदली झाली तरी ते पोचेल. काम ‘पूर्ण’ झाल्याची नोंद ज्यानं काम केलं त्यानंच त्याच दिवशी करायची. मुदत उलटली तर पत्राची प्रत वरच्या साहेबांना. या शेवटच्या नियमावर थोडी कुरकुर झाली. पण मला विचाराल तर त्यानंच यादीला जीव आला. ज्या आठवणीकडे दुर्लक्ष केलं तरी काहीच घडत नाही, ती आठवण नसते, तो नुसता आवाज असतो.

समाजाच्या पातळीवरही हेच घडलं आहे. २००५ साली माहितीचा अधिकार आला. माहिती तीस दिवसांत, आणि कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यायची. वाजवी कारणाशिवाय उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. महाराष्ट्रानं २००५चाच एक कायदा केला, तो १ जुलै २००६पासून अमलात आला. बदल्यांचं विनियमन आणि दफ्तरदिरंगाईला प्रतिबंध, असं त्याचं रूप. कोणतीही नस्ती साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक एका टेबलावर राहू नये, असं तो सांगतो. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला आणि दाखल्यांसारख्या सेवांना जाहीर मुदती मिळाल्या. कायद्यानं मुदत दिली, यंत्रानं ती मोजली. दोन्ही एकत्र असतील तरच उपयोग. कायदा आहे आणि मोजणारं कुणी नाही, तर तो कागद. यंत्र आहे आणि विचारणारं कुणी नाही, तर तो खणखणाट.

फुफीचं निवृत्तिवेतन सुरू व्हायला साडेतीन वर्षं लागली. थकबाकीसह मिळालं, हेही सांगितलं पाहिजे. त्या साडेतीन वर्षांत त्या कचेऱ्यांमध्ये किती स्मरणपत्रं इकडून तिकडे गेली, हे मला ठाऊक नाही. फुफीचे हेलपाटे मात्र मी तिच्यासोबत चाललो आहे. तिच्या पदराच्या टोकाला गाठी मारून मारून सुरकुती पडली होती. धुतली तरी ती जात नसे.

संगणकाच्या यादीत कामाचं नाव असतं, करणाऱ्याचं नाव असतं, मुदत असते, स्थिती असते. एक रकाना मात्र मला कुठंच दिसला नव्हता. मागच्या वर्षी मी त्या मुलीला म्हणालो, “बेटा, अजून एक रकाना वाढवता येईल का? ‘या कामाची वाट कोण पाहतंय?’ असा.” ती म्हणाली, “येईल की, सर. पण त्याचा यंत्राला उपयोग काय?”

यंत्राला नाही, मी म्हणालो, वाचणाऱ्याला आहे.

आता आमच्या कार्यालयात सकाळचं पत्र उघडलं की प्रत्येक कामासमोर एक नाव दिसतं. कुठं एखादा निवृत्त शिपाई, कुठं एखादी विद्यार्थिनी, कुठं कुणाची तरी फुफी. मुदत उलटली की साहेबांना प्रत जाते, आणि त्या वाट पाहणाऱ्या माणसालाही एक ओळ जाते की तुमच्या कामाला उशीर झाला आहे, ते अमुक टेबलावर आहे, तुम्ही येण्याची गरज नाही.